डिजिटल मीडिया शिकून सगळ्यांनी सोशल मीडियाच का सांभाळायचा? (ऑनलाइन चर्चेचा धागा; प्रत्येक पोस्टच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे)

अनुक्रमणिका

डिजिटल मीडिया आणि संस्कृती या विषयातल्या पदवीधरांचे अर्ज वाचायचं काम गेली काही वर्षं माझ्याकडे आहे. बहुतेक अर्जांची सुरुवात एकसारखी असते: अमुक ॲप उत्तम हाताळता येतं, रील्स करता येतात, फॉलोअर्स वाढवून देईन. वाचून जीव तुटतो. इतकी वर्षं या मुलांनी प्रतिमा, भाषा, सत्ता, प्रेक्षक यांचा अभ्यास केला आणि बायोडेटात उरलं काय, तर ॲपचं नाव.

ॲपच्या भरवशावर करिअर उभं करायचं तर आधी त्या ॲपचं आयुष्य बघा. व्हाइन २०१३ मध्ये आलं. सहा सेकंदांच्या व्हिडिओंची एक वेगळीच विनोदाची भाषा तिथे जन्माला आली. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते बंद करत असल्याचं जाहीरही झालं. त्याच सुमारास कितीतरी बातमी-संस्था लिहिणारी माणसं कमी करून व्हिडिओच्या मागे लागल्या होत्या. २०१६ मध्येच फेसबुकनं कबूल केलं की व्हिडिओ सरासरी किती वेळ पाहिला जातो, हा त्यांचा आकडा फुगलेला होता. तीन सेकंदांच्या आत सोडून दिलेले व्हिडिओ सरासरीत धरलेच नव्हते.

माझं म्हणणं असं की या पदवीचा खरा उपयोग डिजिटल संग्रह, सुगम्यता (अपंग व्यक्तींनाही वेबसाइट वापरता येईल अशी करणं), वापरकर्ता-संशोधन (लोक ॲप किंवा वेबसाइट कशी वापरतात ते तपासणं) आणि प्लॅटफॉर्मची धोरणं ठरवणाऱ्या टीम्स इथे आहे, आणि आपली मुलं तिकडे फिरकतच नाहीत.

सुगम्यतेचंच घ्या. एकदा मी डोळे मिटून, स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून, एका संग्रहालयाची वेबसाइट ऐकली. आवाज म्हणाला, "बटन. बटन. लिंक. प्रतिमा, आयएमजी ४४०७." त्या प्रतिमेत काय आहे, कुठलं बटन दाबल्यावर काय होईल, काही कळेना. बटनांना नावं देणं डेव्हलपर करेल, पण प्रतिमेचं वर्णन कोण लिहिणार? आमच्याकडच्या एका जुन्या छायाचित्राच्या नोंदीत मधल्या माणसाचं नाव होतं. शेजारी उभ्या असलेल्या दोन बायकांचा उल्लेखच नव्हता. आता वर्णनात त्या दोघींना किती जागा द्यायची, हे आपल्या विषयाचं काम आहे. शिवाय मागणीही आहे: युरोपियन ॲक्सेसिबिलिटी ॲक्ट, म्हणजे युरोपीय संघाचा सुगम्यतेचा कायदा, २८ जून २०२५ पासून लागू झाला, तेव्हापासून अनेक कंपन्यांना हे काम टाळता येत नाही.

टाइमलाइन

पूर्ण असहमत, आणि थोडं लागलंसुद्धा. "सोशल मीडिया सांभाळणं" असं म्हटलं की जणू पोस्ट टाकून आम्ही मोकळे! मी सहा वर्षं हे काम करतेय. एका चुकीच्या पोस्टवरून रात्री दीड वाजता कमेंट्स पेटतात, तेव्हा काय उडवायचं, काय ठेवायचं, माफी कुठल्या शब्दांत मागायची, हे मिनिटांत ठरवावं लागतं. प्रेक्षक समजून घ्यायची याहून कडक शाळा मी पाहिलेली नाही.

दुसरं, तुम्ही सांगताय त्या नोकऱ्या आहेत किती? संग्रहालयात डिजिटायझेशनचा प्रकल्प निघतो, अनुदान असतं तोवर माणसं घेतात. अनुदान संपलं की कंत्राट संपलं. घरभाडं मात्र संपत नाही. सुगम्यतेच्या जाहिराती मी पाहते, त्यात एचटीएमएल (वेबपानं ज्यात लिहितात ती भाषा) येणं बंधनकारक असतं, आणि आपल्या विषयातल्या किती जणांना ते येतं? पहिली नोकरी जिथे दार उघडं आहे तिथे घ्यावी, एका कलेत हात पक्का करावा आणि मग इकडेतिकडे बघावं.

पानगळ

टाइमलाइन यांच्या कंत्राटाच्या मुद्द्याला +१. मी वेब-संग्रहणात, म्हणजे जुन्या वेबसाइट्स जतन करण्याच्या कामात आहे आणि माझं हे तिसरं कंत्राट. तरी हे काम सोडवत नाही. जिओसिटीज ही वेबसाइट १९९४ पासून लोकांची घरगुती पानं सांभाळत होतं. याहूनं २००९ मध्ये ते बंद केलं, तेव्हा जे वाचलं त्यातलं बरंचसं आर्काइव्ह टीमच्या स्वयंसेवकांनी धावपळ करून उतरवून घेतलं म्हणून. मायस्पेस या जुन्या सोशल नेटवर्कचं तर २०१९ मध्ये उघड झालं: सर्व्हर बदलताना २००३ ते २०१५ या काळात लोकांनी चढवलेली गाणी गेली. हौशी बँडची एकमेव रेकॉर्डिंग्ज असतील त्यात. हे जपणाऱ्यांना कायमची नोकरी मिळत नाही, याचा राग यायला हवा. म्हणून या वाटेला जाऊ नका, हे मात्र मला पटत नाही.

दुसरी_पाळी

धागाकर्तीनं "धोरणं ठरवणाऱ्या टीम्स" एका ओळीत उरकल्या, म्हणून लिहितोय. नवख्या मुलांना तिथे थेट प्रवेश सहसा मिळत नाही. मिळतो तो मॉडरेशनच्या, म्हणजे तक्रार आलेला मजकूर ठेवायचा की काढायचा हे ठरवण्याच्या रांगेत. मी चौदा महिने त्या रांगेत होतो. समोर एकामागून एक तक्रार आलेले व्हिडिओ, प्रत्येकाला काही सेकंद. आवाज बंद करून, चित्र काळंपांढरं आणि लहान करून बघायचं हे मला शेजारच्या सहकाऱ्यानं शिकवलं, कंपनीनं नव्हे. या कामानं मनावर काय होतं हे आता गुपित राहिलेलं नाही. अमेरिकेतल्या मॉडरेटर्सनी केलेल्या दाव्यात फेसबुकनं २०२० मध्ये ५ कोटी २० लाख डॉलर द्यायचं मान्य केलं.

जायचं असेल तर मुलाखतीत तोंड उघडून विचारा: दिवसाला किती पोस्ट? समुपदेशक कामाच्या वेळेत भेटतो का? रांगेतून धोरणाच्या टीममध्ये गेलेलं एक तरी माणूस दाखवता का? शेवटच्या प्रश्नाला उत्तर आलं नाही, तर नोकरी घेऊ नका.

कोरा_कागद

मी शेवटच्या वर्षाला आहे. सगळं वाचून जास्तच गोंधळलो. गेल्या वर्षी इंटर्नशिपमध्ये मी कॅप्शन आणि लेखांचे कच्चे मसुदे लिहायचो. यंदा तिथेच विचारलं तर म्हणाले, ते आता एआयकडून करून घेतो. म्हणजे टाइमलाइन ताई सांगतात ते उघडं दारही अर्धं मिटलंय. माझ्याकडे चार महिने आहेत. नेमकं काय करू?

अनुक्रमणिका

टाइमलाइन, "सांभाळणं" हा शब्द चुकला, मागे घेते. दुसरी_पाळी, तुमचंही खरं आहे, तो रस्ता मी फार सोपा करून सांगितला. एचटीएमएलबद्दल वाद नाही, पण लागतं तेवढं दोन महिन्यांत येतं.

कोरा_कागद, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमनं २०१७ मध्ये पावणेचार लाख प्रतिमा कुणालाही वापरायला मोकळ्या केल्या. त्यातल्या वीस घे. प्रत्येकीचं दोन ओळींत वर्णन लिही. मग स्क्रीन रीडर वापरणाऱ्या एखाद्या व्यक्तीला, तिच्या वेळेचा मोबदला देऊन, ते ऐकव. तिला काय कळलं नाही, तू काय बदललंस, का बदललंस, हे सगळं लिहून ठेव. एआयनं लिहिलेलं वर्णनही शेजारी ठेव आणि ते कुठे फसलं ते दाखव. असा अर्ज माझ्या टेबलावर आला तर मी त्या मुलाला बोलावणारच.

टाइमलाइन

कल्पना आवडली. तरी अर्ज दोन्हीकडे कर रे बाबा. वीस प्रतिमांवर पहिल्या महिन्याचा पगार होत नाही. आणि आकडे वाचायला शीक: किती जण आले, कुठे सोडून गेले. संग्रहालयालाही तेच लागतं.

कोरा_कागद

काल रात्री पहिल्या चित्राला बसलो. एक म्हातारी बाई, खिडकीशी, हातात पत्र. "खिन्न चेहऱ्याची वृद्ध स्त्री" असं लिहिलं आणि अडकलो. खिन्न हे चित्रात दिसतंय, की पत्र पाहून मला वाटतंय? खोडलं. "ओठ मिटलेले, नजर पत्रावर नाही, बाहेर" असं केलं. एका ओळीला पाऊण तास गेला. उरलेली एकोणीस करतोय.