गच्चीवरचं पाचट कुजेना, काय करावं?

कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो. तेलाचे सात जुने पत्र्याचे डबे, बुडाला भोकं पाडून, गच्चीवर मांडलेत. गल्लीतल्या पोरांनी उसाचं पाचट (वाळका पाला) पोत्यानं आणून दिलं, ते खतासाठी त्यात भरलं. दोन महिने झाले, दाबलं की अजून कुरकुर वाजतंय. सौ. म्हणते, कावळ्यांना घर बांधताय काय?

उत्तर १: नुसत्या वाळक्यात कार्बन लई, नत्र कमी, म्हणून कुजेना. बारीक तोडा, शेणकाला ओता, भाजीची देठं मिसळा. ओल पिळलेल्या फडक्याएवढीच.

उत्तर २: तालमीच्या गणपतीचं निर्माल्य मागा. दोरे, जरी आधी वेचा हं! मी वेचली नाही, खतात अजून चमचमतंय.

मूळ प्रश्नकर्ता: गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावरनं (तिथं म्हशी उभ्या करून दूध काढून विकतात) बादलीभर शेण आणून मिसळलं. पाचव्या दिवशी हात घातला, आत चांगलंच गरम, म्हणजे कुजायला लागलं! सौ. मात्र नाक धरूनच वर येते.