सोलापुरात बाळे-केगाव साईडला रो हाऊस घ्यावं का? पाणी, ड्रेनेज, रिक्षाचं खरं काय ते सांगा

साखरपेठवाला
नमस्कार मंडळी. आम्ही साखर पेठेत भाड्यानं राहतो, दोन खोल्या आणि माणसं पाच, आई-बाबा, आम्ही दोघं आणि मुलगी, ती जूनला पहिलीत जाईल. मी चिंचोळी एमआयडीसीत शिफ्टला आहे म्हणून पुणे रोडची साईड बघायलोय. बाळ्याच्या पुढं एक रो हाऊस बघितलंय, घर हवेशीर आहे, पुढं गाडी लावायला जागा आहे, आईला तुळशी वृंदावन करता येईल म्हणून ती लगेच हो म्हणाली. पण बायको नवी पेठेत दुकानात कामाला आहे, तिला यायला रात्रीचे साडेआठ होतात, आणि बाबांना बीपी-शुगरसाठी दर महिन्याला सिव्हिलला न्यावं लागतं. तिकडं राहणाऱ्यांनी खरं काय ते सांगा, बिल्डरचा माणूस सगळंच चांगलं सांगायलाय. आयुष्यात एकदाच घर होणार आहे आमचं.

बाळे_खंडोबा
मालक, मी बाळ्यातच राहतो, लग्नाच्या आधीपासून. घर कसं आहे ते नंतर बघा, आधी पाणी किती दिवसाआड येतं ते विचारा आणि ते पण बिल्डरला नाही, शेजारच्या घरातल्या बाईला विचारा. आपल्याकडं उजनीचं पाणी शंभरेक किलोमीटर लांबून पाईपानं येतंय, मधे कुठं लाईन फुटली किंवा लाईट जाऊन पंपिंग थांबलं की सगळ्या गावाचा एक दिवस पुढं ढकलला जातो, आणि आपण हद्दवाढवाले, म्हणजे नंतर महापालिकेत घेतलेल्या गावांतले, लाईनच्या शेवटाला म्हणून आपल्याला त्याचा दणका जास्त. समांतर जलवाहिनीवर, म्हणजे उजनीहून येणाऱ्या दुसऱ्या पाईपलाईनवर, सगळ्यांचीच आशा आहे, माझीही आहे, पण घर घेताना हिशोब आजच्या नळावर धरा.

आता हिशोब सांगतो. सरकारी हिशोबात माणशी रोज १३५ लिटर धरतात. तुम्ही पाच जणं म्हणजे दिवसाला ६७५ लिटर, पाणी पाच दिवसाआड आलं आणि मधे एक दिवस खाडा झाला तर चार हजाराच्या वर लागतं. म्हणजे नुसती वरची हजार लिटरची काळी टाकी दाखवून कोण पाण्याची सोय आहे म्हणत असेल तर ऐकू नका, खाली हौद पाहिजेच. सहा बाय सहा फूट आणि पाच फूट खोल हौद केला की १८० घनफूट होतात, एका घनफुटात साधारण २८ लिटर, पाच हजार लिटरचं काम झालं. हौद घर बांधतानाच होतो, नंतर पोर्चची फरशी फोडून करायचा म्हणलं की खर्चही होतो आणि गाडीपण रस्त्यावर येते. हौदाचं झाकण फरशीपेक्षा चार बोटं तरी वर पाहिजे, नाहीतर पावसाचं गढूळ पाणी आत जातं.

बोअर आहे म्हणले तर एप्रिल-मेला चालतंय का विचारा. आणि त्याच लाईनीतल्या जुन्या घरात जाऊन बाथरूमच्या फरशा बघा, नळाखाली पांढरे ओघळ दिसले की पाणी जड आहे समजायचं, त्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि गिझरची कॉईल टिकत नाही. वापरायला ठीक, प्यायला जार लावायलेत सगळे.

बाकी मला इथं सुख आहे. खंडोबा जवळ, मार्गशीर्षातल्या रविवारी यात्रेला गर्दी होते तेव्हा गाडी काढायची नाही एवढंच.

शेळगीची_सून
पाण्याचं वर आलंय, मी सांडपाण्याचं सांगते, कारण ते घर बघायला जाताना कुणी विचारत नाही. बाळे, शेळगी ही गावं १९९२ ला महापालिकेत आली पण ड्रेनेज अजून सगळीकडं पोचलेलं नाही, बऱ्याच गल्ल्यांत सेप्टिक टँक आणि शोषखड्डाच आहे. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि मग पुढचं पाणी खाली जिरूच देत नाही, त्यामुळं पावसाळ्यात शोषखड्डा भरतो आणि संडासचं पाणी मागं येतं. ज्यांच्या घरात झालंय त्यांनाच कळतं. आमच्या बिल्डरनी ड्रेनेज लाईन जोडून देतो म्हणून पैसे घेतले आणि पाईप नुसता गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत आणून सोडला, पुढं जोडायला लाईनच नव्हती. तर तुम्ही चेंबरचं झाकण उघडायला लावा आणि पाईप पुढं कुठं जातो ते डोळ्यांनी बघा. पायापण मुरूम लागेपर्यंत खाली नेलाय का विचारा, काळ्या मातीवर तसाच उचलला असेल तर दोन उन्हाळ्यांत भिंतीला तिरक्या चिरा पडतात.

आणि नाला किती लांब आहे ते बघा हो दादा. उन्हाळ्यात नाला म्हणजे नुसती बाभळीची खोलगट जागा दिसते, प्लॉट पाडून विकतात पण. हिप्परगा तलाव भरून सांडव्यातून वाहायला लागला की आदिला नदीला काय पाणी येतं ते आमच्या साईडच्या लोकांना विचारा. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला तेव्हा लांबोटीजवळ पुण्याचा हायवेसुद्धा बंद ठेवायची वेळ आली होती. शक्य असेल तर एखादा मोठा पाऊस झाल्यावर दुसऱ्या दिवशी घर बघायला जा, चपला चिखलात किती रुततात त्यावरून कळतंय रस्ता कसा आहे.

कागदं_बघून_घ्या
मी वकिलाकडं कामाला आहे, रोज हीच प्रकरणं बघतो म्हणून सांगतोय. जागा एनए (बिनशेती) आहे का गुंठेवारीतली, म्हणजे शेतजमिनीचे गुंठ्यागुंठ्यानं तुकडे पाडून विकलेली आहे, हे पहिलं विचारा. गुंठेवारी असली म्हणजे लगेच वाईट असं नाही, २००१ चा कायदा आहे आणि २०२१ च्या सुधारणेनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची प्रकरणं नियमित करायची सोय झाली, पण ते झालंय का नाही याचा कागद हातात पाहिजे, होईल म्हणून चालत नाही. नियमित नसेल तर बँका कर्जाला नाही म्हणतात आणि मग लोक चढ्या व्याजानं दुसरीकडून पैसे उचलतात. जागा ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त असेल आणि घरं आठापेक्षा जास्त असतील तर महारेराचा, म्हणजे बिल्डरच्या प्रकल्पाच्या सरकारी नोंदणीचा, नंबर असायलाच पाहिजे, साईटवर जाऊन आपल्या मोबाईलवर तपासा. इसार द्यायच्या आधी उतारा आणि मंजूर नकाशा एकदा वकिलाला दाखवा, त्यात कंजूषी नको.

जुळे_सोलापूरवाली
वहिनींचा विचार कुणीच केला नाही म्हणून लिहिते. दिवसा बाळ्याहून एसटी स्टँडपर्यंत शेअर रिक्षा मिळतात, रात्री साडेआठ नंतर मात्र सिटा भरेपर्यंत थांबावं लागतं आणि सिटी बसच्या भरवशावर तर राहूच नका. रिक्षा मेन रोडला सोडते, तिथून घर किती आत आहे, मधे स्ट्रीट लाईट आहेत का, कुत्री किती आहेत, हे एकदा रात्री नऊला वहिनींना सोबत घेऊन चालत जाऊन बघा, दिवसा बघून काही कळत नाही. घर जर हायवेच्या पलीकडं असेल तर मुलगी शाळेला जाताना हायवे ओलांडणार का हे पण बघा, ट्रकांची काय वर्दळ असते तुम्हाला रोजचं माहितीच आहे.

आमच्याकडं जुळे सोलापुरात दवाखाने, शाळा, मेडिकल, भाजी सगळं चालत जाण्यावर आहे, पण भाव वाढलेत आणि तुम्हाला रोज सगळं गाव ओलांडून चिंचोळीला जावं लागेल, वर आसरा पुलावरची गर्दी वेगळीच. त्यामुळं या म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच की घर तुमच्या शिफ्टच्या सोयीनं बघितलंय, तिच्या येण्याजाण्याच्या पण सोयीनं बघा.

साखरपेठवाला
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं नीट कुणी सांगितलं नव्हतं. हौद नाही तिथं, नुसती वरची टाकी आहे. घर मेन रोडपासून बरंच आत आहे, मधल्या पट्ट्यात दिवे नाहीत, हे बायको पहिल्या दिवशी म्हणाली होती. गुंठेवारीचं आजच फोन करून विचारलं तर कागद प्रोसेसमधे आहे म्हणायलेत. खंडोबा मालक, मेन रोडच्या जवळ पण हौद असलेलं, जुनं असलं तरी चालेल, असं काही मिळेल का तुमच्या भागात?

बाळे_खंडोबा
मिळतंय की. प्रोसेसमधे म्हणायलेत तर एक रुपया देऊ नका अजून. आमच्या मागच्या गल्लीत एक मास्तर घर विकायला काढायलेत, मुलाकडं पुण्याला चाललेत, पंधराएक वर्षं जुनं आहे, हौद आहे, मेन रोडवरून दोन मिनिटं, ड्रेनेजचं मात्र शेळगीच्या ताईंनी सांगितलं तसं झाकण उघडूनच बघू. पश्चिमेला भिंत आहे, उन्हाळ्यात ४३-४४ ला ती खोली तापते, वडिलांना ती देऊ नका. मंगळवारी पाणी येणार आहे आमच्याकडं, त्याच दिवशी या, प्रेशर किती आणि किती वेळ येतंय ते समोरच बघा. वहिनींना घेऊन या, संध्याकाळचं.