मदत हवी आहे: मारुती ८०० चं कॅम टायमिंग, दर वेळी वेगळं रीडिंग

नमस्कार मंडळी. बाबांच्या जुन्या मारुती ८०० चं ७९६ सीसी इंजिन कोथरूडला घरीच बांधतोय. भोसरीत हेडचं (इंजिनचा वरचा भाग) फेसिंग, म्हणजे घासून सपाट करणं, करून घेतलं, ०.३ मिमी गेलं. हेड खाली आल्यामुळे कॅम (बेल्टने फिरून व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि क्रँक (पिस्टनला जोडलेला मुख्य दांडा) यांच्यातलं अंतर कमी झालंय, म्हणजे पुलीवरच्या टायमिंगच्या खुणा जुळल्या तरी कॅम थोडा मागे पडणार. म्हणून नुसत्या खुणांवर विसंबायचं नाही असं ठरवलंय.

क्रँकला डिग्री व्हील (अंशांच्या खुणा असलेली चकती) लावलं. प्लगच्या भोकात स्टॉपर घालून दोन्ही बाजूंनी पिस्टन टेकवला आणि मधला बिंदू टीडीसी (पिस्टन सर्वात वर असण्याची जागा) धरला. हे पक्कं जमलं, तीनदा तपासलं. अडचण पुढे आहे. पहिल्या सिलिंडरच्या इनटेक व्हॉल्व्हवर डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं घड्याळ) लावून लोबचा, म्हणजे कॅमवरच्या उंचवट्याचा, मध्य काढतो, तर दर वेळी ३-४ अंशांचा फरक येतो. क्रँक एकाच दिशेने फिरवतोय. गेज व्हॉल्व्हच्या रेषेत नसेल, की बेल्ट सैल असेल? की टॅपेटचा गॅप (व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणाऱ्या भागातली फट) शून्य करून मोजायचं असतं?

शिवाय बेल्टचा एक दात सरकवला तर फारच फरक पडतो. कॅम पुलीची भोकं लांबट करून कुणी बसवलंय का? पुण्यात असं काम नीट करणारा टर्नर माहीत असेल तर जरूर सांगा. बाबांना याच गाडीतून पुन्हा फिरवायचंय, घाई करून व्हॉल्व्ह वाकवायचे नाहीत.