शब्दचर्चा : ‘स्टे’ म्हणजे स्थगिती की मनाई हुकूम?

‘स्टे’ला मराठीत काय म्हणायचं, स्थगिती की मनाई हुकूम, असा प्रश्न आलाय. दोन्ही शब्द खरे आहेत, फक्त ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

स्थगिती कामाला मिळते, मनाई माणसाला होते. खालच्या कोर्टाच्या आदेशाची अंमलबजावणी वरच्या कोर्टाने थांबवली, तर ती स्थगिती. शेजाऱ्याने बांध कोरू नये, भावाने वाटणीआधी जमीन विकू नये असं कोर्टाने बजावलं, तर तो मनाई हुकूम. बोलताना आपण दोन्हीला ‘स्टे आणला’ म्हणून मोकळे होतो. स्थगिती असताना खालचा आदेश राबवता येत नाही. मनाई मोडली तर मात्र मोडणाऱ्याची मालमत्ता जप्त होऊ शकते, आणि ३ महिन्यांपर्यंत दिवाणी कैदही.

मनाईचेही प्रकार आहेत. दावा चालू असेपर्यंतची ती ‘तूर्तातूर्त मनाई’, दाव्याच्या निकालात मिळते ती ‘निरंतर मनाई’. तूर्तातूर्त हा शब्द मला फार आवडतो. तूर्त म्हटल्यावर जरा पुढचंही दिसतं, तूर्तातूर्त म्हटलं की अगदी आजचा दिवस धरून ठेवल्यासारखं वाटतं. आपल्याकडच्या दिवाणी कोर्टांत या मनाईच्या अर्जाला बहुतेक वेळा निशाणी ५ हा क्रमांक पडतो. म्हणून वकील एकमेकांना नुसतं ‘पाचवर काय झालं?’ असं विचारतात आणि समोरच्याला सगळं कळतं. व्यादेश हा शब्दही याच अर्थाने छापलेला दिसतो, पण पक्षकाराच्या तोंडी तो बसलेला नाही. ‘मनाई’ ऐकून शेतावरचा गडीही हात थांबवतो. माझं मत मनाईच्या बाजूने.

‘निकाल’ या शब्दाचंही असंच झालंय. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत तीन वेगळ्या गोष्टी आहेत. न्यायाधीशांनी कारणं देऊन लिहिलेला तो न्यायनिर्णय. त्यातून पक्षकारांचे हक्क पक्के ठरवणारा तो हुकूमनामा. हुकूमनामा नसलेला कोर्टाचा बाकीचा निर्णय म्हणजे आदेश. घरी आपण तिन्हींना निकाल म्हणतो. त्याला माझी हरकत नाही. पण नक्कल मागताना ‘निकालाची नक्कल द्या’ एवढंच म्हणू नका. न्यायनिर्णय आणि हुकूमनामा, दोन्हींची नावं घेऊन मागा.

आता ‘दरखास्त’. एरवी दरखास्त म्हणजे विनंती, अर्ज. कोर्टात मात्र ती हुकूमनाम्याची अंमलबजावणी मागण्यासाठी लावतात. ती न लावता ‘स्टे’ या एका शब्दाने आमच्या घरात दोन वर्षं घालवली. मामाच्या शेताकडे जाणाऱ्या वहिवाटीच्या रस्त्यावर शेजाऱ्याने तारेचं कुंपण घातलं होतं. दावा मामाच्या बाजूने लागला : कुंपण काढून घ्यावे आणि पुढे आडकाठी करू नये. शेजारी म्हणाला, ‘मी अपील केलंय, स्टे आहे.’ मामा गप्प बसला. पेरणीला बैलं लांबच्या वळणाने न्यायची, उसाच्या ट्रॉल्या दुसऱ्याच्या बांधावरून काढायच्या. कोणी विचारलं की उत्तर ठरलेलं : ‘स्टे आहे ना बाबा.’

दिवाळीत मी तो कागद हातात घेतला. दुमडून दुमडून घडीवर फाटलेला. ती अपिलाची नोटीस होती. स्थगिती हा शब्द त्यात कुठेच नव्हता.

अपील दाखल झालं म्हणून हुकूमनामा आपोआप थांबत नाही. स्थगिती वेगळी मागावी लागते आणि कोर्टाने ती द्यावी लागते. शिवाय दरखास्तीला मुदत असते. साधारण हुकूमनाम्याला १२ वर्षं, पण ‘कुंपण काढा’, ‘भिंत पाडा’ अशी कृती करायला लावणाऱ्या हुकूमनाम्याला फक्त ३. मामाची दोन त्यातली गेली होती. दिवाळीची सुट्टी संपताच दरखास्त लावली. म्हणून कोणी ‘स्टे आहे’ म्हटलं की मी आता आधी एवढंच विचारते : कशाला, कोणाला, आणि आदेशाची नक्कल कुठे आहे?

आणखी एक शब्द राहिला, ‘जैसे थे’. हा आदेश दोन्ही बाजूंना आपलाच वाटतो. ताबा असलेला म्हणतो, मी आहे तिथे राहणार. दुसरा म्हणतो, दावा दाखल झाला त्या दिवशी तू नव्हतासच. कवायतीत ‘जैसे थे’ म्हटलं की सगळे आधीच्या स्थितीत जातात, कारण ती स्थिती सगळ्यांनी पाहिलेली असते. शेतात तसं नसतं. असा आदेश मिळत असेल तर वकिलांना सांगून कोणत्या तारखेची स्थिती धरायची आणि त्या दिवशी कुंपण उभं होतं की नव्हतं, हे त्यातच लिहून घ्या.