रक्तात आयएल-१७ बनवणाऱ्या टी पेशी दिसतच नाहीत, चुकतंय कुठे?

महापे_फ्लो
सोरायसिसच्या रुग्णांमध्ये आयएल-१७ (दाह वाढवणारं एक प्रथिन) बनवणाऱ्या टी पेशी फ्लो सायटोमेट्रीवर (रंगीत अँटिबॉडी लावून एकेक पेशी लेझरने मोजायचं तंत्र) मोजायच्या आहेत. ठाण्याच्या ओपीडीतून जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये, आईसपॅकवर रक्त येतं. पेशी चेतवायला अख्ख्या रक्तातच पीएमए ५० नॅनोग्रॅम आणि आयनोमायसिन १ मायक्रोग्रॅम प्रति मिली, सोबत ब्रेफेल्डिन ए (बनलेलं प्रथिन पेशीतच अडकवायला), ३७ अंशांवर पाच तास. गेट (मोजायच्या पेशींची निवड) आधी सीडी३ (सगळ्या टी पेशींवरची खूण), मग सीडी४ (मदतनीस टी पेशींवरची). आयएल-१७ जवळजवळ शून्य, इंटरफेरॉन गॅमाही (टी पेशींचं आणखी एक प्रथिन) नावापुरता. अंगभर चट्टे असलेल्या रुग्णांतही तेच. अँटिबॉडीची बॅच बदलली, फरक नाही.

कळवा_इम्युनो
अँटिबॉडी नाही, ट्यूब बदला. जांभळ्या झाकणाखाली ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असतं आणि ते कॅल्शियम धरून बसतं. आयनोमायसिन तर बाहेरचं कॅल्शियमच पेशीत सोडतं. ते मोकळं नसेल तर पेशी जाग्या होणार कशा? इंटरफेरॉनही पडलाय, म्हणजे घोळ स्टिम्युलेशनमध्येच (पेशी चेतवण्यातच) आहे. हिरव्या झाकणाची सोडियम हेपारिन ट्यूब वापरा, रक्त आणि आरपीएमआय (पेशी जगवायचं द्रावण) समसमान.

पुढचा खड्डा सीडी४चा. पीएमए दिलं की सीडी४ पृष्ठभागावरून आत ओढला जातो आणि गेट रिकामा दिसतो. म्हणून सीडी३ असलेल्या, सीडी८ (मारक टी पेशींवरची खूण) नसलेल्या पेशी धरा. त्यात गॅमा-डेल्टा टी पेशीही (टी पेशींचा एक वेगळा गट) येतात. आयएल-१७ त्याही बनवतात, तेव्हा त्यांची अँटिबॉडी लावून त्या वगळा.

अँटिबॉडी पेशीच्या आत जावी म्हणून सॅपोनिन वापरत असाल तर ते अँटिबॉडीत आणि नंतरच्या प्रत्येक वॉशमध्ये हवंच. त्याने पाडलेली भोकं ते काढताच मिटतात.

महापे_फ्लो
हेपारिन ट्यूब आजच सांगते. मशीन १०,००० लिम्फोसाइटवर थांबवतो, पुरेल ना?

घणसोली_बेंच
नाही पुरणार. १०,००० लिम्फोसाइटमध्ये सीडी४ साधारण ४,०००. रक्तात टीएच-१७ (आयएल-१७ बनवणाऱ्या सीडी४ पेशी) त्यांच्या एक टक्क्याच्या आसपास, म्हणजे हाती ४० ठिपके. तेवढ्यावर दोन रुग्णांची तुलना करू नका. निदान एक-दोन लाख सीडी३ पेशी मोजा. प्रत्येक रुग्णाची स्टिम्युलेशनविना एक नळी हवीच, गेटची रेघ तिच्यावरून ओढा. मेलेल्या पेशींचा डाय फिक्स करण्याआधी लावा. मेलेल्या पेशी कुठलीही अँटिबॉडी चिकटवून घेतात आणि खोटा आयएल-१७ दाखवतात.

आईसपॅक काढा. मे महिन्यात ठाणे-बेलापूर रोडवर गाडी अडकणारच, पण रक्त २० ते २५ अंशांवर हवं, गार नको.

कोपरी_स्किन
वरचं सगळं बरोबर, पण रक्तातल्या आकड्यावरून रोगाची तीव्रता ठरवायला माझा ठाम विरोध आहे. सोरायसिस चालवणाऱ्या बऱ्याच टी पेशी त्वचेतच मुक्काम ठोकतात, रक्तात फिरत नाहीत. चट्टा बरा झाल्यावरही त्या तिथेच राहतात. उपचार थांबले की चट्टा पुन्हा त्याच जागी उठतो तो त्यामुळे. शिवाय आयएल-१७ सगळीकडे खलनायक नसतो, आतड्याचं अस्तर तो सांभाळतो. सेक्युकिनुमॅब (आयएल-१७ अडवणारं औषध) सोरायसिसवर उत्तम चालतं, पण क्रोन्सच्या (आतड्याच्या दाहाचा आजार) २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत उपयोग झाला नाही, उलट दुष्परिणाम वाढले.

परवानगी असेल तर सोबत ४ मिमी पंच बायोप्सी (त्वचेचा छोटा गोल तुकडा) घ्या. तिथे मात्र सीडी८ वगळू नका, बाह्यत्वचेतल्या आयएल-१७ बनवणाऱ्या मुक्कामी पेशी मुख्यतः सीडी८च्याच असतात. सीडी१०३ आणि सीडी६९ (मुक्कामी पेशींच्या खुणा) यांच्या अँटिबॉडी लावा. त्वचा सोडवायला डिस्पेस हे एन्झाइम वापरलंत तर ते सीडी४, सीडी८ कापू शकतं. त्याच एन्झाइममध्ये तेवढाच वेळ थोड्या रक्तपेशी ठेवून आधी खात्री करा.