ओटा तोडण्याआधी ठेकेदाराकडून लेखी काय काय घ्यावं?

निशिगंध

स्वयंपाकघर पूर्ण नव्याने करायचं आहे. खोली आतून १० फूट बाय ८ फूट. ओटा एल आकाराचा, लांब भिंतीला १० फूट आणि आखूड भिंतीला ६ फूट, ओट्याची भिंतीपासून रुंदी २ फूट. सिंक खिडकीखाली आहे तिथेच राहील, गॅस मात्र लांब भिंतीच्या मध्यावर आणायचा आहे. चिमणी, ओट्याखाली ओव्हन, डिशवॉशर आणि पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवायचं आहे. जुना कडप्प्याचा ओटा जाऊन ग्रॅनाइट आणि खाली ट्रॉल्या येतील.

ठेकेदाराचं कोटेशन एका पानाचं आहे: तोडफोड, प्लंबिंग, इलेक्ट्रिक, ओटा, टाइल, ट्रॉल्या, 'सामानासकट एकरकमी'. सुरुवातीला निम्मे पैसे आणि ट्रॉल्या आल्या की उरलेले. पॉइंट (नळ आणि सॉकेटच्या जागा) कुठे घ्यायचे हे विचारलं, तर 'आधी तोडू, भिंत मोकळी झाली की ठरवू' असं उत्तर आलं.

कोटेशनमध्ये नेमकं काय लिहून घ्यावं, हप्ते कसे ठेवावेत, आणि भिंतीत झाकलं जाणारं काम आपण कसं तपासायचं? ट्रॉल्यांचा प्लाय कोणता, हेही सांगा.

ओळंबा

'आधी तोडू, मग ठरवू' याला स्पष्ट नाही म्हणा. भिंत मोकळी झाली की रोज माणसं कामाला उभी असतात आणि प्रत्येक निर्णय घाईत होतो. पॉइंट नकाशावर आधी यायला हवेत, आणि त्याच्याही आधी उपकरणांचे मॉडेल नक्की व्हायला हवेत. खरेदी नंतर करा, पण कंपनीच्या पत्रकातली मापं आजच काढा.

कारण सांगतो. डिशवॉशर साधारण ६०० मिमी रुंद असतो. सुट्या उभ्या मॉडेलची उंची ८५० मिमीच्या आसपास, बिल्ट-इनची ८२० च्या आसपास. ३२ इंची ओटा म्हणजे ८१३ मिमी, त्यातून २० मिमी दगड गेला की खाली ७९३ उरतात. यात दोन्ही बसत नाहीत. ३४ इंच केला तर ८४४ उरतात, त्यात बिल्ट-इन बसेल, सुटा नाही. म्हणजे ओट्याची उंची डिशवॉशरच्या पत्रकावर आणि उभं राहणाऱ्याच्या कोपरावर ठरते. कोपर दुमडल्यावर त्याच्या ४ ते ६ इंच खाली ओटा असावा. ही उंची तयार फरशीपासून मोजायची, फरशीखालच्या उघड्या कोब्यापासून (सिमेंटच्या थरापासून) नाही. कोटेशनवर 'तयार फरशीपासून' हे शब्दच लिहून घ्या.

नकाशा दोन प्रकारचा हवा: वरून दिसणारा, आणि प्रत्येक भिंतीचा समोरून दिसणारा. दुसऱ्यावर प्रत्येक नळ, सॉकेट आणि निचऱ्याच्या पाइपचं मध्य कोपऱ्यापासून किती आणि फरशीपासून किती, हे दोन आकडे. त्यावर दोघांच्या सह्या.

कोटेशन बाबवार फोडून घ्या. प्रत्येक बाबीपुढे माप, परिमाण, मालाची कंपनी आणि मॉडेल किंवा जाडी. 'चांगल्या दर्जाचे' हे शब्द जिथे दिसतील तिथे ते खोडून नाव घाला. चार गोष्टी नेहमी गळतात आणि नंतर 'एक्स्ट्रा' म्हणून येतात: राडारोडा उचलून नेणं, झिरी मारलेल्या (पाइप-वायरसाठी खाच कोरलेल्या) भिंतीचा गिलावा, दगडाला सिंक आणि गॅसचं भोक पाडणं, आणि चिमणीच्या डक्टसाठी भिंत कोरणं. या आत आहेत की बाहेर, ते स्पष्ट करा. मधे बदल झालाच, तर काम सुरू होण्याआधी त्याची रक्कम आणि वाढणारे दिवस मेसेजवर यायला हवेत.

हप्ते कामाला बांधा, तारखेला नाही. माझ्या मते असे: बयाणा १५ टक्के. पाइप आणि वायरिंगची चाचणी झाली, पण गिलावा अजून नाही, तेव्हा २०. ओटा आणि टाइल पूर्ण झाल्यावर २५. कॅबिनेटचे सांगाडे साइटवर येऊन मोजून झाल्यावर २०, फिटिंग संपल्यावर १०. शेवटचे १० महिनाभर वापरून झाल्यावर. ट्रॉल्या कारखान्यात ऑर्डरवर बनत असतील, तर तिथे आगाऊ रक्कम जास्त मागतात. ती ऑर्डर आणि ती पावती वेगळी ठेवा, ठेकेदाराच्या हिशेबात मिसळू देऊ नका.

नळजोड

प्लंबिंगपुरतं लिहितो.

तोडफोडीच्या दिवशी सर्वात आधी सिंकचा निचरा आणि नाहणी ट्रॅप (फरशीतलं पाणी जायचं तोंड) कापड कोंबून वरून टेपने बंद करा. सिमेंटचं पाणी आत गेलं की पाइपमध्येच घट्ट होतं, आणि तुंबल्याचं कळतं तोवर वर नवी फरशी आलेली असते. हे काम कोणाचं, तेही कोटेशनमध्ये लिहा.

पाण्याला सीपीव्हीसी पाइप (गरम पाण्यालाही चालणारा प्लास्टिकचा) असेल तर सोल्व्हंट, म्हणजे सांधा चिकटवायचा द्रव, सीपीव्हीसीचंच हवं. यूपीव्हीसीचा, म्हणजे थंड पाण्याच्या पाइपचा, डबा हाताशी असतो म्हणून तोच लावला जातो आणि गरम पाण्याचा सांधा काही महिन्यांनी सुटतो. पाइप काटकोनात कापलेला, कडेचा भुसा काढलेला, सोल्व्हंट पाइपला आणि फिटिंगच्या आत दोन्हीकडे, पाव वळसा देऊन अर्धा मिनिट दाबून धरलेला. जिथे नळ किंवा अँगल कॉक (उपकरणाचं पाणी बंद करायची छोटी तोटी) येतो तिथे पितळी आट्यांचं फिटिंग घ्या. प्लास्टिकचे आटे जोरात आवळले की चिरतात, आणि ती चीर नंतर भिंतीच्या आत पाझरते.

सिंकखाली तीन अँगल कॉक मागा: सिंक, डिशवॉशर, पाण्याचं यंत्र. एकावरून टी (फाटा) काढून दिली की एक उपकरण दुरुस्तीला काढताना तिन्ही बंद पडतात.

निचऱ्याचा पाइप ५० मिमी, उतार फुटाला पाव इंच. चार फूट गेला तर एक इंच खाली यायला हवा. वळणाला ९० अंशाचा एक बेंड नको, ४५ चे दोन घ्या, आणि वळणाजवळ साफ करायचं झाकण ठेवा. त्या झाकणासमोर कॅबिनेटची पाठ येत असेल, तर पाठीला तिथे उघडता येईल अशी खिडकी. डिशवॉशरची निचऱ्याची नळी आधी ओट्याच्या खालच्या बाजूपर्यंत वर चढवून मग ट्रॅपला उतरवायची, नाहीतर सिंकचं घाण पाणी मशीनमध्ये परत येतं.

चाचणी: शेवटचा सांधा झाल्यावर २४ तास थांबा. सगळी तोंडं प्लग करा, हवा काढा, हातपंप लावून दाब कामाच्या दाबाच्या दीडपट न्या, आणि किमान दोन तास काटा बघा. काटा उतरला तर प्रत्येक सांधा कोरड्या टिश्यूने पुसून पाहायचा. नंतर भिंतीवर टेप धरून प्रत्येक पाइपचा फोटो घ्या. कॅबिनेट टांगताना ड्रिल कुठे चालणार नाही, हे त्या फोटोंवरूनच कळतं.

फ्यूजतार

वायरिंगमध्ये पुढच्या गोष्टी लिहून घ्या. दिव्यांना १.५ चौरस मिमी तांब्याची वायर, १६ अँपिअरच्या सॉकेटला २.५, ओव्हनला ४. ओव्हन, डिशवॉशर आणि मायक्रोवेव्ह प्रत्येकाला पॅनलपासून स्वतंत्र सर्किट आणि स्वतंत्र एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच). पुढे इंडक्शनची चार चुलींची शेगडी घ्यायचा विचार असेल, तर ती ७ किलोवॅटपर्यंत जाते. तिच्यासाठी ६ चौरस मिमीची वायर आताच टाकून ठेवा, किंवा निदान रिकामा पाइप. नंतर टाइल फोडाव्या लागतील. सगळ्यावर ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच).

डिशवॉशर आणि ओव्हनचं सॉकेट त्यांच्या पाठीमागे देऊ नका. प्लगमुळे मशीन दीड-दोन इंच पुढे येते आणि बिघाड झाला तर प्लगपर्यंत हातच पोचत नाही. शेजारच्या कॅबिनेटमध्ये द्या. ओट्यावरची सॉकेट दगडापासून ८ ते १० इंच वर. सिंकच्या आणि शेगडीच्या थेट वर एकही नको.

गिलाव्याआधी वायरमनला ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) वायरचं इन्सुलेशन मोजायला लावा, १ मेगाओहमपेक्षा कमी आलं तर ती वायर कुठेतरी सोललेली आहे. आणि झिरी मारताना कॉलम किंवा बीमला हात लावू द्यायचा नाही. सळई दिसली की काम तिथेच थांबवा.

निशिगंध

फार उपयोगी, सगळ्यांचे आभार. ठेकेदाराशी बोलणं झालं. दाबाची चाचणी नको, नळ तासभर चालू ठेवला तरी गळती कळते, असं तो म्हणतो. ओट्याचं माप त्याने १६ फूट धरलं आहे. आणि आधी ओटा की आधी टाइल, यावर तो आणि त्याचा मिस्त्री यांचंच एकमत नाही.

नळजोड

नळ चालू असताना पाइपमधला दाब उतरलेला असतो. गळती उघडी पडते ती नळ बंद असताना, विशेषतः रात्री वापर थांबून दाब वाढतो तेव्हा. हातपंप सहज भाड्याने मिळतो. दुसरा हप्ता याच चाचणीला बांधला, की वाद राहत नाही.

गुण्या

१६ फूट चूक आहे. १० आणि ६ दोन्ही कोपऱ्यापासून मोजले, म्हणजे कोपऱ्यातला २ फूट बाय २ फूट तुकडा दोनदा धरला. दगडासाठी धरायची ओट्याची लांबी १४ फूट, दगड २८ चौरस फूट, ३२ नाही. नासाडी वेगळी धरावी लागते, ती त्याने वेगळ्या ओळीत दाखवावी.

क्रम: फरशी, ओटा, मग भिंतीच्या टाइल. दगड गिलाव्याला भिडवून बसवायचा आणि टाइल त्याच्यावर उतरवायची, म्हणजे भिंतीवरून आलेलं पाणी दगडावर पडतं, मागे जात नाही. टाइल आणि दगड यांच्यामध्ये ३ मिमी फट ठेवून ती सिलिकॉनने भरायची. तिथे ग्राउट (टाइलच्या फटीत भरायचं सिमेंट) भरलं तर ते तडकतं, कारण ओटा आणि भिंत सारखेच हलत नाहीत.

दगड कापायला देण्याआधी कोपरा गुण्यात (काटकोनात) आहे का ते बघा. एका भिंतीवर ३ फुटांवर खूण, दुसरीवर ४ फुटांवर, तिरकं अंतर बरोबर ५ फूट यायला हवं. अर्धा इंच फरक असेल तर तो गिलाव्यातच काढून घ्या.

सिंक आणि शेगडी प्रत्यक्ष दगडवाल्याच्या हाती द्या, नुसता आकडा नको. भोकाचे कोपरे आधी ड्रिलने गोल पाडून मग कापायचे. ग्राइंडर कोपऱ्यापुढे गेला तर त्या रेघेवरून दगड चिरतो, कधीकधी बसवल्यावर. सिंकच्या पुढची पट्टी अडीच-तीन इंचांपेक्षा कमी ठेवू नका, आणि सांधा सिंकवर किंवा डिशवॉशरवर येता कामा नये. दगड शटरच्या (कपाटाच्या दाराच्या) एक इंच पुढे, आणि त्याच्या खालच्या बाजूला पाणी तुटण्यासाठी बारीक खाच. बहुतेक कोटेशनमध्ये ही खाच नसते, आणि मग शटरची वरची कड आधी फुगते.

व्हिट्रिफाइड टाइल असेल तर नुसत्या सिमेंटच्या घोळावर बसवू देऊ नका. ती पाणी अर्ध्या टक्क्याहून कमी शोषते, त्यामुळे घोळ तिला धरत नाही. पॉलिमरचं अॅडहेसिव्ह, दातेरी थापीने पूर्ण पाठीवर. चार कोपरे आणि मध्ये एक गोळा, ही पद्धत दिसली तर काम थांबवा. वाळल्यावर नाण्याने वाजवा, पोकळ आवाज आला ती टाइल हप्त्याआधी बदलून घ्यायची. टाइल १० टक्के जास्त, एकाच बॅचच्या, आणि एक खोकं कायम ठेवा.

रंधा

प्लायचं. सिंकखालचं आणि डिशवॉशरशेजारचं कॅबिनेट १८ मिमी बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यालाही टिकणाऱ्या) प्लायचं, ज्याच्यावर आयएस ७१० चा शिक्का असतो. आयएस ३०३ चा शिक्का म्हणजे सर्वसाधारण वापराचा प्लाय, तो वरच्या कपाटांना ठीक. एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड सिंकखाली नको. शीट कापण्याआधी शिक्क्याचा फोटो घ्या, नंतर लॅमिनेटखाली काहीच दिसत नाही.

पण चांगला प्लायही कडेने पाणी पितो. पाइपसाठी पाडलेली भोकं साइटवर कापलेली असतात आणि कच्चीच राहतात. ती सिलिकॉनने किंवा लाखेने बंद झाली का, बोट फिरवून बघा. शटरला दोन्ही बाजूंनी लॅमिनेट हवं, एकाच बाजूला लावलं तर ते वाकतं. सांगाडा फरशीवर टेकवू नका, चार इंची पाय आणि पुढे काढता येणारी पट्टी.

दर समोरच्या चौरस फुटाचा असेल तर तिथेही तोच कोपरा. ओट्याखाली समोरून दिसणारी लांबी ८ अधिक ४, म्हणजे १२ फूट. त्यातून डिशवॉशरचे २ फूट वजा करा, तिथे कपाटच नाही. चॅनल (ट्रॉली सरकते त्या पट्ट्या) आणि बिजागऱ्या दरात आहेत का, किती नग, किती किलोच्या, हे विचारा. भांड्यांच्या ट्रॉलीला ४५ किलोच्या खालचं चॅनल घेऊ नका.

एक मतभेद: फरशी कपाटांखालीही टाकावी का? बरेच जण पैसे वाचवायला कपाटापर्यंतच टाकतात. माझ्या मते सिंक आणि डिशवॉशरखाली हवी, बाकीच्या कपाटांखाली नसली तरी चालेल.

ओळंबा

गळती झाली तर कोब्यात मुरलेलं पाणी दिसत नाही, म्हणून मी सगळीकडे टाकायला सांगेन. पण डिशवॉशरखाली तर हवीच. समोरची फरशी १२-१५ मिमी वर आली आणि मशीन कोब्यावर राहिली, तर तिचे पाय खाली करूनही ती बाहेर ओढता येत नाही, दगड काढावा लागतो. तुमच्या कोटेशनमध्ये फरशीची बाबच दिसत नाही. जुनी राहणार असेल तर ओटा तोडल्यावर त्याच्याखाली फरशी निघते का, हे कोणालाच आत्ता माहीत नाही. 'ओट्याखालची फरशी, इतके चौरस फूट, लागल्यास' अशी ओळ दरासकट आजच घालून घ्या.