भाषा शिकवायच्या अ‍ॅपला ग्राफ डेटाबेस? कशाला?

जुना_डीबीए
काल ‘जाळीदार’ यांनी इथे लिहिलं की ते हिंजवडीतल्या अमराठी मंडळींसाठी मराठी शिकवायचं अ‍ॅप करतायत आणि त्यासाठी निओ-फोर-जे हा ग्राफ डेटाबेस घेतलाय, म्हणजे टेबलांऐवजी गोळे (नोड) आणि त्यांना जोडणारे बाण (कडा). कारण काय, तर “भाषा मुळातच ग्राफ आहे. ज्यांना अजून टेबलांना टेबलं जोडत बसायचंय त्यांनी खुशाल बसावं.” बसतो की! एकवीस वर्षं बसलोय. पाठ सोडली तर काही दुखत नाही.

यांच्याकडे शब्द चार हजार, वाक्यं नऊ हजार. हे त्यांनीच सांगितलंय. एवढा डेटा माझ्या फोनच्या मेमरीत मावेल, वर पुतणीच्या लग्नाचे फोटोही राहतील. यांचा मुख्य प्रश्न म्हणजे शिकणाऱ्याला पुढचा शब्द कुठला द्यायचा. ज्या वाक्यांत त्याला फक्त एकच शब्द अडतोय तेवढी वाक्यं काढा, आणि कुठला शब्द सगळ्यांत जास्त वाक्यं अडवून बसलाय ते मोजा. वाक्य-शब्द असं एक टेबल, दोन ग्रुप बाय (गट पाडून मोजणी), एक हॅविंग (गटांवर अट). झालं काम. अँकी या उजळणीच्या अ‍ॅपवर जगभरचे लोक भाषा घोकतात, ते अख्खं एका एसक्यूलाइट फाइलवर, म्हणजे एका फाइलीत मावणाऱ्या टेबलांवर चालतं. पण फाइल दाखवून गुंतवणूकदार येत नाहीत, रंगीत गोळे आणि बाण दाखवून येतात.

जाळीदार
गुंतवणूकदार अजून कोणी नाही, बायकोचा पगार आहे. असो.

प्रश्न तेवढाच असता तर मीही फाइलवर भागवलं असतं. एखाद्याला ‘देवळात’ अडलं. आता त्याला ‘देऊळ’ माहीत नाही, की ‘त’ प्रत्यय माहीत नाही, की सामान्यरूप येत नाही? मला देवळातवरून देऊळवर, तिथून ऊचा व होण्याच्या नियमावर, तिथून त्याच नियमाच्या ‘पाऊस-पावसात’वर जायचंय आणि मग हे त्याला येतं का ते बघायचंय. सायफरमध्ये, म्हणजे निओ-फोर-जेच्या क्वेरीच्या भाषेत, हे लिहिलं की वाचणाऱ्याला कळतं. टेबलं जोडायचे तुमचे सहा जॉइन महिन्याने तुम्हालाच कळत नाहीत. शिवाय तिथे प्रत्येक नोडपाशी शेजाऱ्यांचे पत्ते असतात, दर उडीला इंडेक्स (सूची) धुंडाळावा लागत नाही.

एकदा_भाजलेली
मागच्या कंपनीत (नाव नको, फुल अँड फायनलचे पैसे अजून यायचेत) आम्ही हेच केलं होतं. ‘संबंधित शब्द’ म्हणून फीचर. डेमोला साहेबांनी ‘भाजी’ टाकलं, आलं ‘बँक’. का? ‘भाजी ताजी आहे’, ‘बँक बंद आहे’. ‘आहे’ या एका नोडला अर्धी मराठी लटकलेली. कुठूनही निघा, दुसऱ्या उडीला ‘आहे’वर आणि तिथून गावभर. ‘आहे’ वगळला तर ‘नाही’ने जागा घेतली, तो काढला तर ‘मी’.

आणि प्रत्येक उजळणी म्हणजे शिकणारा आणि शब्द यांच्यात एक नवी कडा. एकाने ‘पाणी’ चाळीस वेळा घोकलं की चाळीस कडा. ही नोंदवही झाली हो, ती टेबलातच शोभते.

जुना_डीबीए
सकाळी सकाळी वाचून पोट भरलं. धन्यवाद.

जाळीदार
एवढं पोट भरलंच आहे तर हेही घ्या. पोस्टग्रेसमध्ये, म्हणजे तुमच्या टेबलवाल्या डेटाबेसात, रिकर्सिव्ह क्वेरी (स्वतःच्याच उत्तरावर पुन्हा पुन्हा चालणारी) २००९ पासून आहे, ठाऊक आहे. ती समानार्थी शब्दांवर चालवा. पाणीवरून जल, जलवरून पाणी, पाणीवरून जल… बसा बघत. असं गोल फिरणं ओळखून थांबवणारा सायकल क्लॉज चौदाव्या आवृत्तीत आला, २०२१ मध्ये. बारा वर्षं काय करत होतात?

जुना_डीबीए
हे मात्र माझ्या हातून झालंय. क्वेरीत युनियन ऑलऐवजी साधं युनियन लिहिलं की आधी आलेल्या ओळी गळतात आणि मिटतं. पण मी शेजारी पायरीचा आकडाही ठेवला होता, त्यामुळे प्रत्येक ओळ वेगळी ठरत गेली. रात्री लावून घरी गेलो, सकाळी डिस्क फुल्ल. ठीक आहे, हा एक गुण तुम्हाला. पाच पैकी एक.

आठ_वर्षं_पुण्यात
मी त्या अ‍ॅपचा गिऱ्हाईक आहे, तामिळनाडूचा. डेटाबेस कुठला आहे मला फरक पडत नाही. मी ‘मेथीच्या दोन जुड्या द्या’ रात्रभर पाठ करून मंडईत गेलो. बोललो. बाई म्हणाल्या, “चालीस रुपया, भैया.” रिक्षात तेच, ऑफिसात तेच. तुम्हीच हिंदीत बोलता आणि मग म्हणता आठ वर्षांत मराठी शिकला नाही.

पेठेतली
अहो, समोरच्याची सोय म्हणून बोलतो आम्ही. त्यात एवढं काय?

फल्लीदाणे
सोयबिय काही नाही. तुम्हाला दुसऱ्याची मराठी सहनच होत नाही. २०१४ला नागपूरहून आलो. पहिल्याच मीटिंगला म्हटलं, “मी तेच करून राहिलो.” तर समोरून, “कुठे राहिलात?” सगळे हसले. त्यानंतर तीन वर्षं मी मीटिंगमध्ये इंग्रजीच बोललो. माझं असं झालं, तर त्या तामिळ माणसाची काय कथा?

पेठेतली
कोणी एक हसलं म्हणून सगळं पुणं वाईट का? आणि प्रमाणभाषा शिकवायला नको?

तांबडा_पांढरा
या अ‍ॅपमध्ये तिसऱ्या धड्यात ‘चपाती’ लिहिलं तर लाल फुली येते. उत्तर काय, तर ‘पोळी’. आमच्यात पोळी म्हणजे पुरणाची. रोज खातो ती चपाती. ही फुली कुणी मारली ते मला कळू दे फक्त.

पेठेतली
पोळीला पोळीच म्हणतात.

तांबडा_पांढरा
तुमच्या पेठेत. पेठ संपली की महाराष्ट्र चालू होतो.

जाळीदार
फुली माझी. चूक. पण बघा, पोळी, चपाती, बटाटा, आलू, हे कुठे कोण म्हणतं हे मी कडेवर लिहू शकतो. यासाठीच तर ग्राफ! येरवड्याला डेक्कन कॉलेजात संस्कृत कोशाचं काम १९४८ पासून चालू आहे, सुमारे एक कोटी चिठ्ठ्या. एकदा जाऊन खण उघडून बघा. शब्दावरून ग्रंथ, ग्रंथावरून अर्थ, काळ. कागदावरचा ग्राफच तो.

जुना_डीबीए
अकारविल्हे लावलेल्या चिठ्ठ्या. त्याला आमच्यात इंडेक्स म्हणतात. आणि बोली हा चपातीच्या ओळीतला एक कॉलम आहे.

व्याकरणाच्या_बाई
तुम्हा दोघांना मध्येच थांबवते. सामान्यरूपासाठी जाळीदारांनी शब्दागणिक कडा जोडल्यात, असं अ‍ॅपवरून दिसतंय. कशाला? भिंत, भिंती, भिंतीला. वीट, विटा, विटेला. अशा स्त्रीलिंगी शब्दांत अनेकवचन ई असेल तर सामान्यरूपात ई, आ असेल तर ए. लिंग आणि अनेकवचन साठवा, बरंचसं हिशेबाने निघेल. उरलेले अपवाद मी वहीत लिहून देते, दोनेकशे असतील. आणि तुमच्याकडे ‘जीभेला’ आहे, ते ‘जिभेला’ करा.

जाळीदार
बाई, वही पाठवाच. कडा निम्म्याने कमी होतील. उजळण्या पोस्टग्रेसमध्ये हलवतो. बोली आणि नियम ग्राफमध्येच राहतील, त्यावर कोणी काही बोलू नका.

जुना_डीबीए
नाही बोलत. फक्त विचारतो. तुमची ती फुकटची कम्युनिटी आवृत्ती ना? तीत डेटाबेस चालू असताना बॅकअप मिळत नाही. मग कसा घेता?

जाळीदार
रात्री दोनला बंद करून. त्या वेळी कोण शिकतंय?

एकदा_भाजलेली
न्यूजर्सीतली नातवंडं. तिकडे तेव्हा दुपार असते.

जाळीदार
थांबा. ‘रोज एकाच वेळी अडकतं’ असे तिकडून सतरा मेल आलेत. मी त्यांना वायफाय तपासा म्हणून उत्तरं दिली.